दादरा-नगर हवेली : सात वर्षे स्वतंत्र राहिलेला मुलूख भारतात कसा आला

मोडीवाचक (धागाकर्ता)

दरवर्षी २ ऑगस्ट जवळ आला की दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत चार-दोन लेख वाचायला मिळतात, आणि माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेख सिल्वाशावर (नगर हवेलीचे मुख्य ठाणे) तिरंगा चढतो तिथेच संपतात. १९५४ सालचा तो पराक्रम खरा आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, म्हणून आपल्याला तो सांगावासा वाटणे साहजिक आहे. परंतु हा प्रदेश भारताचा झाला तो १९५४ साली नव्हे, तर ११ ऑगस्ट १९६१ रोजी. मधली सात वर्षे तो ना पोर्तुगालच्या ताब्यात होता, ना भारताच्या नकाशात. त्या सात वर्षांत तिथे काय घडले आणि भारत सरकार का थांबले, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडतो : हा मुलूख तीन आठवड्यांत मोकळा झाला असला, तरी तो टिकला आणि भारतात आला तो त्या सात वर्षांच्या चिकाटीच्या कारभारामुळे आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालविरुद्ध लढल्या गेलेल्या दाव्यामुळे, आणि आपण नेमका हाच भाग विसरलो आहोत.

आधी भूगोल समजून घ्यावा लागेल, कारण सगळा वाद भूगोलातूनच निर्माण झाला. दमण हे बंदर समुद्रकाठी आहे. तिथून आत आले की दादरा लागते, तीन गावांचा एक लहानसा तुकडा. त्याच्या पलीकडे, पुन्हा भारताच्या हद्दीतला पट्टा ओलांडल्यावर, नगर हवेली. दोन्ही मिळून बहात्तर गावे आणि सुमारे ४९१ चौरस किलोमीटर जमीन, त्यातली बरीचशी डोंगराळ आणि जंगलाची. वस्ती मुख्यत्वे वारली, धोडिया आणि कोकणा या आदिवासींची. म्हणजे पोर्तुगालचा एक अधिकारी दमणहून सिल्वाशाला निघाला, तर भारताच्या भूमीवरून गेल्याशिवाय त्याला पोहोचताच येत नव्हते. तेव्हाच्या मुंबई राज्याने ही वाट बंद केली की दोन्ही तुकडे बेटांसारखे तुटून पडणार, हे उघड होते.

हे तुकडे पोर्तुगीजांकडे आले ते पुणे दरबाराकडून. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांची मैत्री पुण्याला हवी होती, आणि मराठा आरमाराने १७७२ साली त्यांच्या 'सांताना' या जहाजाचे केलेले नुकसानही भरून द्यायचे होते. तहात बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख देण्याचे ठरले, आणि त्याप्रमाणे १७८३ साली नगर हवेलीची व १७८५ साली दादऱ्याची गावे त्यांच्याकडे गेली. त्या वेळच्या सनदांमध्ये 'सरंजाम' हा शब्द आहे. जुने कागद वाचण्याची आवड असल्यामुळे मी या शब्दापाशी बराच काळ थांबलो, कारण पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये वकिलांचा युक्तिवाद याच शब्दाच्या अर्थावर चालला.

१९५४ चा क्रम थोडक्यात देतो. २१ आणि २२ जुलैच्या मधल्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनी दादऱ्याच्या पोलीस चौकीवर हल्ला केला. तिथला अधिकारी अनिसेतो रोझारियो त्यात मारला गेला. २८ जुलैच्या सुमारास नारोळी पडली आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो दीडशेच्या आसपास पोलीस घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेले होते. ते ११ ऑगस्ट १९५४ रोजी भारतीय पोलिसांना शरण आले. गायक-संगीतकार सुधीर फडके, राजा वाकणकर आणि विश्वनाथ लवंदे ही या लढ्यातली नावे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असतील.

आता मूळ प्रश्न. पोर्तुगीज गेले, लोक भारतात येण्यास उत्सुक होते, चारही बाजूंना भारतच होता. मग लगेच विलीनीकरण का झाले नाही?

दमणगंगाकाठ

धागा वाचून फार समाधान वाटले. माझे लहानपण त्या भागात गेले, आमच्याकडे सिल्वाशाला 'सेलवास' म्हणतात. वर दिलेल्या क्रमात एक भर घालावीशी वाटते. बाहेरून आलेल्या तुकड्या धाडसी होत्या यात शंका नाही, परंतु जंगलातल्या वाटा, नदीचे उतार आणि कोणत्या पाड्यावर कोण आहे याची माहिती तिथल्या लोकांशिवाय कोणाला असणार? शेजारच्या उंबरगाव आणि डहाणू भागात १९४५ सालीच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीच्या (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबण्याच्या) पद्धतीविरुद्ध उठाव केला होता. हद्द केवळ कागदावर होती. अलीकडचे आणि पलीकडचे वारली एकमेकांचे सोयरे होते, आणि अलीकडे वेठ बंद झाल्याची बातमी पलीकडे पोहोचायला फार वेळ लागत नसे. लढ्यात कम्युनिस्टांची एक तुकडीही होती, तिचा उल्लेख मराठी लेखांत क्वचितच येतो. मुक्ती कोणी आणली हा वाद जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा तो पुण्या-मुंबईच्या आणि गोव्याच्या संघटनांपुरता मर्यादित राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मोडीवाचक

आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. मी पहिल्या लेखात आदिवासींचा उल्लेख केवळ 'वस्ती' म्हणून केला, तो अपुरा होता.

उत्तरा_वाचते

मी या विषयातली जाणकार नाही, त्यामुळे प्रश्न थोडा सरळ विचारते. त्या सात वर्षांत तो प्रदेश खरोखर स्वतंत्र होता का? की भारत सरकारच पडद्यामागून सगळे चालवत होते आणि जगाला दाखवण्यापुरते 'स्वतंत्र' म्हटले जात होते? कारण पोर्तुगीज अधिकारी शरण आले तेही भारतीय पोलिसांनाच.

मोडीवाचक

प्रश्न सरळ आहे आणि नेमका आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

कारभार तिथल्या लोकांनी उभारला, हे खरे आहे. वरिष्ठ पंचायत नावाची लोकप्रतिनिधींची संस्था स्थापन झाली आणि प्रशासक नेमले गेले. सुरुवातीच्या प्रशासकांमध्ये आप्पासाहेब करमळकर होते. न्यायदान, शाळा, महसूल, जंगलाचे उत्पन्न हे सगळे त्या कारभाराला पाहावे लागले. टपालाचे उदाहरण घ्या. सुरुवातीला पोर्तुगीज भारताच्या शिल्लक तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाची अक्षरे छापून ती वापरली गेली. तिकीट-संग्राहक आज त्या तिकिटांकडे कुतूहलाने पाहतात, पण त्या दिवसांत त्यांचा अर्थ गंभीर होता : जुन्या सत्तेच्या मुद्रेवर नव्या सत्तेने आपले नाव घातले होते.

दुसरीकडे भारताच्या पाठिंब्याशिवाय हा प्रदेश एक महिनाही टिकला नसता, हेही तितकेच खरे आहे. पोर्तुगालने जुलै १९५४ च्या अखेरच्या आठवड्यात दमणहून आत जाण्याची परवानगी मागितली आणि भारताने ती नाकारली. पोर्तुगीज सैन्याला वाट मिळाली असती तर पुढची कथा वेगळी झाली असती. म्हणून मी असे म्हणेन की तो प्रदेश भारताच्या आधाराने स्वतंत्र होता, परंतु भारताचा भाग नव्हता. हा भेद वकिली वाटेल, पण हेगमध्ये भारताची भूमिका याच भेदावर उभी होती. विलीनीकरण १९५४ साली केले असते, तर 'आम्ही फक्त आमच्या भूमीवरून जाणारी वाट बंद केली' असे भारताला म्हणता आले नसते. पोर्तुगालने लगेच म्हटले असते की भारताने आक्रमण करून आमचा प्रांत घेतला. सालाझार यांच्या सरकारने १९५१ सालीच आपल्या वसाहतींना 'समुद्रापलीकडील प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती, तिचा आधारही या युक्तिवादाला मिळाला असता.

वकील_ठाणे

न्यायालयीन बाजू मी मांडतो, कारण हा निकाल आजही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो आणि मराठीत त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

तारखा पाहा. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. पाच दिवसांनी, १९ डिसेंबरला, त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र, म्हणजे त्याच्यापुढे खटला चालवण्याला आधीच संमती, मान्य केले. आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. अशा घाईने येणारा दावा ऐकून घेऊ नये यासह सहा प्राथमिक आक्षेप भारताने घेतले. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालात त्यातले चार फेटाळले गेले आणि दोन मूळ दाव्याबरोबर ऐकायचे ठरले. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि भारतातर्फे तदर्थ (त्या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून न्या. छागला बसले. मुंबई उच्च न्यायालयाशी दोघांचाही जुना संबंध, हे आपल्या वाचकांना सांगायला हरकत नाही.

अंतिम निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. त्याचे तीन भाग नीट वेगळे ठेवले पाहिजेत, कारण भारत जिंकला किंवा पोर्तुगाल जिंकला असे एका वाक्यात लिहिणारे दोघेही चूक करतात. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ साली भारताच्या भूमीवरून जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी म्हटले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांसाठी असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

दुसऱ्या भागातले आठ विरुद्ध सात हे मतदान मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा थांबतो. एक न्यायाधीश पलीकडे गेला असता, तर सशस्त्र पोलिसांना सिल्वाशापर्यंत नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला असता. न्यायालयाने येथे इंग्रजांच्या काळातली प्रथा पाहिली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात सशस्त्र दलांनी औपचारिक विनंतीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत जायचे नाही असे होते. जिथे दर वेळी परवानगी मागावी लागते, तिथे हक्क आहे असे म्हणता येत नाही. तिसऱ्या भागात न्यायालय म्हणाले की वाटेचा हक्क असला तरी तो भारताच्या नियमनाखाली होता, आणि दादऱ्यातील सत्ता उलथली गेल्यानंतर आसपासच्या भारतीय मुलखात निर्माण झालेला तणाव पाहता भारताने वाट बंद केली ती या नियमनाच्या अधिकारातच.

उत्तरा_वाचते

धन्यवाद, आता बरेच स्पष्ट झाले. पण वर 'सरंजाम' शब्दाचा उल्लेख आला होता, तो न्यायालयात नेमका कुठे आला?

मोडीवाचक

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पोर्तुगालचे म्हणणे असे होते की १७७९ च्या तहाने पेशव्यांनी आम्हांला या गावांचे सार्वभौमत्व दिले, आणि सार्वभौमत्व दिले म्हणजे तिथे जाण्याची वाटही त्यातच दिली. भारताचे म्हणणे होते की तहात दिला तो वसूल, राज्य नव्हे. मराठी कारभार ज्याला माहीत आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सरंजाम म्हणजे चाकरीच्या किंवा स्नेहाच्या बदल्यात लावून दिलेले उत्पन्न. सरंजामदार वसूल घेतो, पण मुलूख देणाऱ्याचाच राहतो, आणि देणारा तो परत घेऊ शकतो. इनाम, वतन, सरंजाम, जहागीर यांतला भेद पुण्याच्या दप्तरात काटेकोरपणे पाळला जात असे.

न्यायालयाने येथे भारताची बाजू मान्य केली. जिथे मराठ्यांना एखादा मुलूख कायमचा आणि राज्यासह द्यायचा असे, तिथे त्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरलेले आहेत, आणि या तहात व सनदांत ते शब्द नाहीत, असे न्यायालयाचे निरीक्षण होते. म्हणून मराठ्यांच्या काळात या गावांवर पोर्तुगालचे सार्वभौमत्व नव्हते, ती गावे वेगळ्या राज्याची बेटे नव्हती, आणि त्यामुळे त्या काळात वाटेचा हक्कही निर्माण झाला नाही.

पोर्तुगालला मर्यादित हक्क मिळाला तो पुढच्या काळामुळे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर इंग्रजांना तिथे पोर्तुगीज पूर्ण सत्ता चालवताना दिसले आणि त्यांनी ते चालू दिले. सव्वाशे वर्षे माणसे आणि माल विनाअडथळा ये-जा करत राहिले, आणि त्यातून दोन राज्यांमधली एक स्थानिक प्रथा तयार झाली. सरंजामाचे राज्य झाले ते इंग्रजांच्या दुर्लक्षामुळे, असे मी म्हणतो. हा शब्द न्यायालयाचा नाही, माझा आहे.

वकील_ठाणे

'दुर्लक्ष' हा शब्द मी वापरला नसता. न्यायालयाने ती इंग्रजांची मूक मान्यता मानली आहे, आणि मूक मान्यता ही कायद्यात कृतीच असते. बाकी विवेचनाशी सहमत आहे.

एक गोष्ट राहिली. १९५४ नंतर त्या प्रदेशावर सार्वभौमत्व कोणाचे, याचा निर्णय न्यायालयाने दिलाच नाही, कारण दावा वाटेपुरता होता. त्यामुळे एप्रिल १९६० नंतर भारतापुढे मोकळी जागा होती, पण ती भरण्यासाठी एक दस्तऐवज लागणार होता.

मोडीवाचक

तो दस्तऐवज कसा तयार झाला, ते सांगतो.

१२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. ठराव हा इच्छेचा पुरावा झाला, पण करारावर सही कोण करणार? एका बाजूला भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, मग दुसऱ्या बाजूलाही त्या प्रदेशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हवी. त्या वेळी तिथे प्रशासक होते भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी के. जी. बदलानी. त्यांना त्या स्वतंत्र प्रदेशाचे पंतप्रधान म्हणून नेमण्यात आले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. फिदाल्गो शरण आले त्या तारखेला बरोबर सात वर्षे पूर्ण झाली होती.

ही घटना 'एका दिवसाचा पंतप्रधान' म्हणून गमतीने सांगितली जाते, आणि मला ते खटकते. जो प्रदेश सात वर्षे स्वतःचा कारभार करत होता, त्याने स्वतःच्या नावाने सही करूनच भारतात यावे, ही त्यामागची भूमिका होती. सही करणारा माणूस भारताचाच अधिकारी होता हा आक्षेप घेता येतो, आणि उत्तरा यांचा वरचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो, हे मी मान्य करतो. तरीही पंचायतीचा ठराव आधी आणि सही नंतर, हा क्रम पाळला गेला.

वकील_ठाणे

संविधानाच्या बाजूने पाहिले तर नवा प्रदेश मिळवण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, पण त्याला केंद्रशासित प्रदेश म्हणून पहिल्या अनुसूचीत (राज्ये व केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत) घालायचे तर लागते. म्हणून दहावी घटनादुरुस्ती झाली, ती ११ ऑगस्ट १९६१ पासून अमलात आली, आणि दादरा व नगर हवेली हा यादीतला सातवा केंद्रशासित प्रदेश झाला. वरिष्ठ पंचायत सल्लागार संस्था म्हणून कायद्याने कायम ठेवली गेली. उच्च न्यायालय म्हणून मुंबईचे न्यायालय ठरले, ते आजही तसेच आहे.

गोव्याशी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. गोवा, दमण आणि दीव डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने आले आणि बारावी घटनादुरुस्ती त्यानंतर झाली. दादरा-नगर हवेली त्याआधी चार महिने, करार करून आली.

सह्याद्री_उत्तर

केंद्रशासितच का ठेवले? शेजारी ठाणे जिल्हा होता, वारली आणि कोकणा लोक दोन्हीकडे एकच. महाराष्ट्रात किंवा गुजरातेत विलीन करणे सोपे नव्हते का?

मोडीवाचक

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले होते आणि सीमेवरच्या गावांचे वाद ताजे होते. अशा वेळी हा प्रदेश एका राज्याला देणे म्हणजे नवा वाद ओढवून घेणे ठरले असते, असा माझा अंदाज आहे. शिवाय पोर्तुगीज काळातले जमिनीचे कायदे, कागद आणि हक्क वेगळे होते, ते एकदम राज्याच्या कायद्यांत बसवणे कठीण होते. पुढे २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण आणि दीव यांच्याशी एकत्र करून एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. ज्या दमणहून सिल्वाशाला जाण्याच्या वाटेवरून हेगपर्यंत दावा गेला, ते दोघे पुन्हा एका प्रशासनाखाली आले.

दमणगंगाकाठ

जमिनीचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आमच्या भागात 'मुक्ती' हा शब्द जमिनीशिवाय पुरा होत नाही. पोर्तुगीज सरकार 'अल्वारा' नावाच्या दस्ताने जमिनी देत असे. शेतात राबणारे आदिवासी होते आणि कागद मात्र अनेकदा दुसऱ्याच्याच नावावर. १९५४ साली चौकी पडली, १९६१ साली प्रदेश भारताचा झाला, पण अल्वारा चालूच होते. १९७१ साली जमीन सुधारणेचा विनियम आला, तेव्हा ते रद्द करण्याची तरतूद झाली, आणि तिची अंमलबजावणी व्हायला आणखी काही वर्षे गेली. अल्वाराधारकांचे खटले तर त्यानंतरही दीर्घकाळ चालले.

पोर्तुगालने या प्रदेशांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले तेही ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, लिस्बनमध्ये राज्यक्रांती होऊन जुनी राजवट गेल्यावर. म्हणजे आमच्या गावांच्या बाबतीत लिस्बनचा दावा आणि लिस्बनचे जमिनीचे कागद जवळजवळ एकाच काळात संपले.